विहिरीवरचं भांडण

पाणी घ्यायचा दिवस कोंडाबाईचा होता. तरी भैरूनं सामाईक विहिरीवरची मोटार चालू केली. कोंडाबाई गोठ्याच्या दारातून ऐकत राहिली. भांडायला गेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात असं झालं असतं, तर तिचा आवाज पार पौड रस्त्यापर्यंत गेला असता. तिच्या गाईंचं हत्तीगवत त्याच पाण्यावर, बांधापलीकडच्या भैरूचंही त्यावरच. चैत्र लागला की विहीर तळ दाखवायची आणि दोघं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे. शेवटी एक दिवस गाईंना प्यायलाही पाणी उरलं नाही. तेव्हा कुठं कोंडाबाईनं डेअरीच्या डॉक्टरांचं ऐकलं. गवत मोडलं. उताराच्या रानात पावसावर मका केला, दाणा चिकात असताना कापला आणि कुट्टी करून पिशव्यांत दाबून ठेवला. आता भर उन्हाळ्यात गाई तो आंबूस मुरघास चाटूनपुसून खात होत्या. दूध तेवढंच होतं. चाऱ्याला विहिरीचा थेंब लागत नव्हता.

भैरू बांधावर येऊन उभा राहिला. ती भांडायला येईना, तसा तोच ओरडला, "मोटार मी लावलीया, वैनी!"

"लावा की भावजी. माझं पाणी बी तुमीच घ्या. गाईंना प्यायापुरतं सोडा, बाकी मला न्हाई लागत."

तो खाली मान घालून परत गेला.

त्यानंतर विहिरीकडं शांत झालं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक बावधनच्या फ्लॅटमध्ये, फोन आला तर सणासुदीला. दुधाचा टेम्पो यायचा, पण ड्रायव्हर खाली उतरत नसे. कोंडाबाई गाईंशी बोलायची. आपण माणसाशी शेवटचं कधी बोललो, हे तिला आठवेना. पलीकडं भैरूच्या घरातही, बायको गेल्यापासून, चुलीचा एका माणसापुरताच धूर निघायचा.

एका दुपारी तो तरातरा अंगणात आला.

"वैनी! तुमची गाय माझ्या गवतात घुसलीया!"

कोंडाबाईनं वळून बघितलं. दोन्ही गाई दाव्याला बांधलेल्या, त्याच्या समोरच रवंथ करत होत्या. भैरूनंही त्यांच्याकडं बघितलं आणि नजर जमिनीला लावली.

कोंडाबाईनं पदर खोचला आणि आवाज चढवला.

"घुसंल न्हाईतर काय! बांधाला कुंपण घाला म्हणून कवाधरनं सांगतीय! बसा हितं, आज निकालच लावू!"

भैरू ओट्यावर चांगली मांडी घालून बसला.