हिरवे बारा दिवस

हॉलंडच्या विद्यापीठाची सही झाली असती तर लीलाधर सरांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: जळगावात होऊ घातलेल्या नावीन्य केंद्राचं संचालकपद, हॉलंडात सहा महिने, आणि प्राचार्यांच्या तोंडून स्वतःला 'सर' म्हणवून घेणं. दिल्लीच्या योजनेची अट एकच होती. परदेशी विद्यापीठाशी नुसता करार नको, दोघांचं मिळून पेटंट हवं. पेटंटाजोगं काहीतरी सरांकडे होतं. म्हणजे, कामिनीकडे होतं.

कामिनी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, असोद्याच्या निंबाभाऊंची मुलगी. केळीच्या खोडाच्या रसात दोन झाडपाले मिसळून तिनं एक द्रावण केलं होतं. त्यात बुडवलेला घड बारा दिवस जास्त हिरवा राही. तीन वर्षं लागली तिला. अर्जात संशोधक म्हणून नाव मात्र एकच गेलं, सरांचं.

"तुझं नाव आभारात आहे," सरांनी सांगितलं होतं. "ठळक अक्षरांत."

"चालेल सर."

वाद नाही, रडणं नाही. गुणी पोर, असं सरांनी मनात टिपून ठेवलं.

आज हॉलंडच्या प्राध्यापक बाई असोद्यात आल्या होत्या. सहीआधी गावकऱ्यांशी बोलायचंच, असा त्यांच्या विद्यापीठाचा नियम. निंबाभाऊंच्या ओट्यावर भरीत-भाकरीची पंगत बसली. दुभाषी अर्थातच कामिनी.

"हे द्रावण तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलं?" बाईंनी विचारलं.

"पाह्यलं?" शेजारच्या वच्छलाबाई हसल्या. "माही सासू करे ना बाई! मी नवी नवरी होती तव्हापासून."

सरांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"तांब्याच्या हंड्यात करत," पंगतीतले म्हातारे कौतिकनाना म्हणाले.

"मातीच्या," वच्छलाबाई.

"ज्याच्या घरी जे असीन ते," नानांनी मिटवलं.

त्यात काय काय घालता, असं बाईंनी विचारलं.

"आता हे काय सांगाचं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "सांग वं कामिनी, तुले तं सगयं माहीत आहे."

कामिनी इंग्रजीत बराच वेळ सांगत राहिली. बाई लिहून घेत राहिल्या. निंबाभाऊ खाली मान घालून भरीत वाढत होते.

"नाना, नीट आठवून बोला," सरांचा आवाज चिरकला. "हे नवीन आहे. शोध आहे हा!"

"सर, तुम्ही शिकेल मानसं. तुम्हाले सगयंच नवीन वाटतं."

ओट्यावर हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. गावाला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही, त्या हळू आवाजात म्हणाल्या. आमचं विद्यापीठ सही करू शकणार नाही. मग त्यांनी सरांचा हात हातात घेतला, मयताला आल्यासारखा.

सर कामिनीकडे वळले. "तू तरी सांग त्यांना!"

"मी काय सांगू सर? माझं तर अर्जात नावच नाही."

बाईंची गाडी धुरळा उडवत निघून गेली. सरांनीही मोटारसायकल काढली. वाटेत त्यांनी हिशोब मांडला. केंद्र गेलं, हॉलंड गेलं. तीन वर्षं मात्र कामिनीची गेली होती. बुडणाऱ्यांत आपण एकटे नाही, एवढाच गारवा. फाट्यावर त्यांना एक काडी सापडली. हे गावात पूर्वी नव्हतं, असं निंबाभाऊंनी चार ओळींत लिहून दिलं तर? पोरीचा बाप आहे, पाया पडू. ते मागे फिरले.

गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून ते भिंतीलगत चालत आले. ओट्यावरची माणसं अजून उठली नव्हती. बोलणं कानावर आलं आणि सरांचे पाय तिथंच थांबले.

"तुही तीन वर्सं पान्यात गेली पोरी," वच्छलाबाई म्हणत होत्या, "अन् मी मरेल सासूच्या नावानं खोटं बोलली. आता तरी सांग वं, त्या रसात टाकतात काय?"