स्लॅबखाली

“वादळ यायलंय. पक्क्या घरात थांबा, बाहीर फिरू नका,” उमापूरहून नवऱ्याचा, पंडितचा फोन आला आणि एवढं बोलून तुटला.

वर्षाराणीने फोन कमरेला खोचला आणि घरावर एक नजर फिरवली. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, वरच्या पत्र्यावर धोंडे.

“आत्याबाई, तुमचं लेकरू म्हणतंय पक्क्या घरात थांबा. आपल्यात पक्कं काय हाय?”

सासू सारजाबाई देवांच्या फळीपुढं बसली होती, मांडीवर नात आरोही. उघड्या दारातून तिला शेतापलीकडचा तांबडा खांब दिसत होता. धुळीचा, आभाळाला टेकलेला, जागच्या जागी गरगरत सावकाश पुढं सरकणारा. भर दुपारी उजेड मावळतीचा झाला होता.

“संडास हाय की,” सुनेने आपणच उत्तर दिलं. “त्याला स्लॅब हाय.”

खरं होतं ते. साऱ्या वस्तीत सिमेंटचं छत असलेली तेवढी एकच खोली. सरकारी योजनेत बांधून झाली तेव्हा सारजाबाईला दारापुढं उभं करून फोटो काढला होता. फोटोवाले वळणावर दिसेनासे होताच सारजाबाईने आत गवऱ्या रचल्या. अंगणात असली घाण नको, हा तिचा कायदा. तेव्हापासून सून अंधार असताना डबा घेऊन ओढ्याला जायची, आणि गवऱ्या स्लॅबखाली कोरड्या राहायच्या.

“पोरीला घेऊन जाय तू,” सारजाबाई म्हणाली. “मी देवापशी थांबते.”

“देव बी घ्या की संगं.”

“खंडोबाला संडासात नेऊ? येड लागलं का तुला?”

“आजवर कोण बसलंय त्यात? मला तरी बसू दिलंय का तुमी?”

सारजाबाई पुन्हा देवांकडं वळली. उत्तर नसलं की गप्प बसायचं आणि आपलंच खरं करायचं, यावर तर तिचा सगळा संसार झाला होता. वर्षाराणीने पोरीला ओढून काढलं. पोरीने आजीच्या बांगड्या सोडल्या नाहीत, तेव्हा बोट न बोट सोडवावं लागलं. मग दोघी गेल्या.

पत्रे आधी थरथरले, मग आपटायला लागले. आता भ्या वाटंल, म्हणून सारजाबाई थांबून राहिली. वाटलंच नाही. हात कुणा दुसरीचे असावेत तसे मांडीवर पडून होते. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर आठवलं काय, दूध झाकायचं राहिलं.

कोपऱ्यातला पत्रा उचलला गेला. तिथं आभाळ दिसलं आणि त्यातून धोंडा खाली आला. फळी मोडली, देव मातीत सांडले. धोंडा तिच्या ओळखीचा होता. ओढ्यातून तिनेच आणवला होता, छपराला आधार म्हणून. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग खाली वाकून एकेक देव पदरात घेतला. खंडोबा, भवानी, बहिरोबा.

अंगण कसं ओलांडलं ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. दारातून एक हात आला आणि त्याने तिला आत ओढलं, एवढंच.

आत काळोख. छातीएवढ्या गवऱ्या, त्यांच्या आडोशाला आरोही. वर्षाराणी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून, पाय भिंतीला रोवून बसली होती. सारजाबाई उभीच. भिंतीला लागू नये म्हणून पदर दोन्ही हातांनी वर धरलेला. बाहेर पत्रे किंचाळत होते.

“टेकवा ते. हात गळून पडतील.”

“कुठं टेकवू?”

“गवऱ्यांवर. शेण तर चालतंय ना तुमच्या देवाला?”

बाहेर वस्ती उपटली जात होती आणि सारजाबाई विचार करत होती. सणावाराला देवापुढं सारवतो ते शेणानंच. शेण म्हणजे गाईचं. गाय म्हणजे... नाही, कायदा कुठं मोडत नव्हता. तिने चाचपून एक सपाट गवरी बघितली. त्यावर देव मांडले. पूर्व कुठली ते अंधारात आठवून खंडोबाचं तोंड तिकडं केलं.

मग एकदम सगळं थांबलं. वर्षाराणीने दार ढकललं.

घराच्या जागी चूल होती, लोखंडी बाज होती. छप्पर नाल्यापलीकडच्या बाभळीवर लटकलं होतं. सारजाबाईने ते दुसऱ्याचं घर बघावं तसं बघितलं. रडू येईल म्हणून सुनेने तिचा दंड धरला, पण तेही आलं नाही. दूध सांडून चुलीत गेलं होतं. आरोही भूक म्हणाली. तेवढ्यात गारा पडायला लागल्या आणि तिघी पुन्हा आत आल्या.

“आता देव कुठं ठेवायचे?” सारजाबाईने विचारलं.

“हितंच,” वर्षाराणी म्हणाली. “न्हाईतर कुठं?”

बसायला जागा व्हावी म्हणून ती वरच्या गवऱ्या बाहेर फेकायला लागली. देवांखालची चळत तेवढी तिने हलवली नाही. एरवी एका ओल्या गवरीपायी दिवसभर बोलणारी सारजाबाई बाहेर भिजणाऱ्या ढिगाकडं नुसती बघत राहिली.

शेजारची कडूबाई डोक्यावर परात धरून आडोसा शोधत पळत येत होती. परातीवर गारा ताडताड वाजत होत्या. कपाळावरून रक्ताचा एक ओघळ आला होता.

“या आत, काकू,” वर्षाराणी सरकली.

कडूबाईने एक पाय आत टाकला. तिला गवऱ्यांवरचे देव दिसले. तिने पाय मागं घेतला, गारांत उभं राहून चपला काढल्या, आणि मग आत आली.