सफरचंदापासून सोडव

सोमवारी दहा वीसला तपासनीस फादर दहावीच्या वर्गात आले. लॅटिन ठेवायचं की नाही, हे ते ठरवणार होते. पहिल्या बाकावरच्या मुलीला त्यांनी रोजच्या लॅटिन प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीचा अर्थ विचारला. “आम्हांला सफरचंदापासून सोडव,” ती ठणकावून म्हणाली. वर्ग खिदळला. लॅटिनच्या बाईंनी कपाळावर हात मारला. ‘मलुम’ म्हणजे वाईट, ‘मालुम’ म्हणजे सफरचंद, हा फरक त्यांनी चार वर्षं घोटून घेतला होता. “अगं, वाइटापासून! पालथ्या घड्यावर पाणी नुसतं.” “पण बाई, सगळं वाईट आदम-हव्वेच्या त्या सफरचंदापासूनच सुरू झालं ना?” फादर हसले नाहीत. “भाषांतर चूक,” म्हणत त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. “फादर, ती विचार तरी करतेय. तुम्हांला पोपट हवेत का?” बाईंचा आवाज चढला. आज लागलेल्या नव्या वेळापत्रकात लॅटिनच्या तासापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे.