डागाभोवतीचा खडू

"बाई, रोज सकाळी भिंतीवर काय गिरवता हो?" तिसऱ्या मजल्यावरच्या बोबडेने विचारलं. तोंडात पानाचा तोबरा होताच.

"थुंकीच्या डागांभोवती रेघ मारते. तुमच्यासारख्यांची प्रगती कुठवर जाते ते बघतेय."

जिन्याच्या वळणावर सोसायटीने देवांच्या टाइल्स बसवल्या, तरी माणसं सुधारली नाहीत. पिचकारी फक्त वीतभर पलीकडे सरकली. थुंकायचं, पण देव वाचवून! आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. असला भाविक घाणेरडेपणा कुठल्याच प्राण्यात पाहिला नाही. ताजा डाग लाल, शिळा तपकिरी. रोज सकाळी रेघेबाहेर नवा लाल डाग असायचाच.

बोबडे गावी लग्नाला गेला. मी खुशीत खडू घेऊन उतरले, तर रेघेबाहेर नवा लाल डाग होताच.

मग बोबडे परतला आणि आमचे हे नाशिकला नणंदेकडे गेले. कुलदैवतासमोर शपथ घेऊन पान-तंबाखू सोडलेले, जिन्यातून जाता-येता टाइल्सना हात जोडणारे हे. ते परत येईपर्यंत भिंतीवरचे सगळे डाग तपकिरी झाले. नवा एक ठिपका नाही.

आले तेव्हा मी जिन्यातच उभी होते. बॅग खाली ठेवून त्यांनी देवांना नमस्कार केला आणि डागांकडे बघून नाक मुरडलं. "कोण जनावर आहे, सापडलं का?"

बोबडे वरून उतरत होता. त्याच्यादेखत मी खडू ह्यांच्या हातात ठेवला.

"सापडलं. उद्यापासून रेघ तुम्हीच मारा. ताजा डाग कुठे पडला, ते तुम्हाला माझ्याआधी कळतं."