नाजूक कातडं

ब्लेड फिरलं की गालावर पुरळ उठायचं, म्हणून कमलनगरच्या तानाजीने कॉलेजपासून दाढीच ठेवलेली. वडिलांचा उजवा हात लकव्याने लुळा पडला, तेव्हा त्यांची दाढी करायची वेळ त्याच्यावर आली. अप्पांनी ब्रश कोमट पाण्यात भिजवायला लावला.

"फेस निवांत चोळ. रेझर दाबू नको. माझं कातडं बी तुझ्यासारखंच नाजूक हाय."

"कधी बोललात न्हाई, अप्पा?"

"असा जवळ कधी बसलास?"

त्यांची दाढी उरकल्यावर, नवं ब्लेड घालून, तानाजीने तशीच स्वतःचीही केली. अप्पांनी डावा हात त्याच्या गालावर ठेवला.

"आग व्हायलीय का?"

"न्हाई."

तरी अप्पांनी हात काढला नाही.