मिस्टर फर्डींची खोली

खोलीबद्दल विचारण्याआधी आयनीने दोन प्रार्थनागीतं म्हटली, तळलेला मासा संपवला आणि आपली बशी आपणच विसळून ठेवली.

घरमालकीण मिस हायसिंथच्या अंगणात तिचा भाडेकरू फर्डी टेलर याची नववी रात्र होती. माणूस गेला तरी नऊ दिवस घरातच घुटमळतो आणि नवव्या रात्री त्याला गाऊनवाजून वाटेला लावायचं असतं, हे किंग्स्टनमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. पूर्वी हा निरोप मध्यरात्री होई. आता गाणाऱ्यांना शेवटची बस गाठायची असते, म्हणून मृतांनाही दिवेलागणीलाच निघावं लागतं.

आयनीने फर्डींना जिवंतपणी पाहिलंही नव्हतं. ती पोर्टलँडच्या खेड्यातून बेकरीतल्या नोकरीसाठी शहरात आली होती. सोमवारपासून भट्टी तिने पेटवायची होती आणि तीही पहाटेची पहिली बस सुटायच्या आधी. म्हणजे चालत जाता येईल अशी खोली हवी, नाहीतर नोकरी गेली. आठवडाभर ती हिंडली. घरमालकिणी चर्च कुठलं ते विचारत, नवरा आहे का ते विचारत, आणि मग असं भाडं सांगत की त्यात बेकरीच विकत घ्यावी. शेवटी तिने पद्धत बदलली. खोली कोण सोडतंय हे विचारायचं सोडून ती कोण वारलंय हे विचारू लागली.

मिस हायसिंथ बोकडाच्या सुपात पळी फिरवत होती. आज रात्रीपर्यंत खोली त्याचीच, भाड्याचं उद्या बोलू, असं तिने बजावलं आणि लगेच भाडं सांगितलं.

"हे मिस्टर फर्डींना धरून, की सोडून?" आयनीने विचारलं.

डोमिनोच्या टेबलावर सोंगटी आपटायला उचललेला एक हात वरच थांबला.

"म्हणजे काय गं पोरी?" मिस हायसिंथने विचारलं.

"आज ते गेले, तर पूर्ण भाडं देईन. राहिले, तर खोलीत आम्ही दोघं. मग निम्मं माझं, निम्मं त्यांचं."

"अगं, जिवंत होता तेव्हा कधी वेळेवर दिलं नाही त्याने. आता काय देणार?"

"ते तुम्ही दोघं बघा, मिस हायसिंथ. मी मध्ये पडणार नाही."

आपल्या खोलीला गिऱ्हाइकांची वाण नाही, असं मिस हायसिंथने ऐकवलं. ते खरंही होतं. दुपारीच बँकेतला एक तरुण खोली बघून खूश झाला होता. पलंगावर शेवटचं कोण निजलं होतं हे कळल्यावर मात्र त्याला आपली इस्त्री चालू राहिल्याची आठवण झाली.

एवढ्यात ब्रदर एनोस उठले. गल्लीतल्या सगळ्या मृतांना वाटेला लावणारा गळा त्यांचाच. आपण गायलो आणि मयत मागे राहिलं, असं आजवर झालेलं नाही, असं त्यांनी सर्वांना ऐकू जाईलसं सांगितलं. डोमिनोच्या टेबलावरून कुणीतरी पोस्टमास्तरांचं नाव काढलं. त्या रात्री पाऊस होता, आवाज पोचला नाही, असा खुलासा ब्रदर एनोसनी केला.

"हायसिंथ, मान्य कर तिची अट," ते म्हणाले. "माझ्या गाण्यावर भरवसा आहे ना?"

सगळ्या अंगणासमोर नाही म्हणायची सोय नव्हती. मिस हायसिंथने पळी खाली ठेवली.

"आणि तो गेला की राहिला, हे ठरवणार कोण?"

"मी. खोलीत मीच राहणार ना? दुसरं कुणी त्यांच्याजवळ निजून बघणार असेल, तर माझी हरकत नाही."

कुणी पुढे आलं नाही.

"ठीक आहे," मिस हायसिंथ म्हणाली. "पण रविवारी बायबलवर हात ठेवून सांगायचं. गेला असला तर पूर्ण भाडं."

आयनीने मान डोलावली. बायबलवर हात ठेवून खोटं बोलणाऱ्यांपैकी ती नव्हती, आणि खोली घेतल्याशिवाय परतणाऱ्यांपैकी तर नव्हतीच.

मग पुरुष मंडळी सामान हलवायला आत गेली. मयत वाटेतून मागे फिरलंच, तर त्याला आपली खोली ओळखू येता कामा नये. आयनीही आत गेली. पलंग तिने मागच्या भिंतीला लावून घेतला, कारण भट्टीवरून आल्यावर दुपारी झोपायचं तर तोंडावर ऊन नको. कपाट दाराआड, टेबल खिडकीखाली. ती नातेवाईक असावी अशा समजुतीने लोकांनी निमूटपणे सामान वाहिलं. कुणीतरी टेलरची बुटकी खुर्ची उचलून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली. फर्डींनी आपली सगळी हयात तिच्यावरच बसून कपडे शिवण्यात काढली होती.

लोक अंगणात परतले. चादर घालून येते, असं सांगून आयनी मागे राहिली. बाहेर ब्रदर एनोसनी वरचा सूर लावला आणि सगळं अंगण फर्डींना जा, जा म्हणून विनवू लागलं.

आयनीने दार ओढून घेतलं. पलंग तिला हवा होता तिथेच होता, त्याला ती शिवली नाही. कोपऱ्यातली खुर्ची मात्र तिने उचलली. जुन्या जागी जमिनीवर चार पायांचे चार खळगे पडले होते. खुर्चीचा एकेक पाय तिने बरोबर त्याच्या खळग्यात बसवला आणि बैठकीवरची धूळ चादरीच्या टोकाने पुसली.

"बसा, मिस्टर फर्डी," ती हळूच म्हणाली. "त्यांचं काही मनावर घेऊ नका."