अठरा कार्बनची कडी

आलेख पडद्यावर उमटला तशी अख्खी प्रयोगशाळा तिकडे धावली. तात्या तेवढे जागचे हलले नाहीत. मघाशीच घासलेला चंबू त्यांनी पुन्हा घासायला घेतला.

अठरा कार्बनची कडी! सात वर्षं तात्या तिच्यामागे हात धुऊन लागले होते. सहा कार्बनचे तीन तुकडे जोडायचे, तेही तांब्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणात थेंब थेंब सोडून, म्हणजे लांबच लांब साखळी न होता ते गोल मिटतात. मग अल्कली, मग बेताचा हायड्रोजन. एवढं करून चिमूटभर स्फटिक, नाहीतर डांबर. तात्यांच्या नशिबी डांबरच. आणि हा आलेख काढणाऱ्या या नव्या मुलीला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते.

"तात्या, बघा तरी," सरांनी हाक मारली.

जावंच लागलं. शून्याच्या एका बाजूला कडीबाहेरच्या बारा हायड्रोजनांचं टोक, दुसऱ्या बाजूला आतल्या सहांचं. दोन्ही सुईसारखी टोकदार, म्हणजे कडी जमल्याची खूण. तात्यांना ती बघवेनात.

"रीत कुठली?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच की," नवी मुलगी म्हणाली. "तुमच्या वहीतली. एक थेंब इकडचा तिकडे केला नाही."

चोरून केलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं, असं तात्यांना वाटलं.

"मलाही आधी डांबरच वाटलं होतं," तिने दुसरा कागद पुढे केला. त्यावर दोन पसरट फुगवटे होते. "हा याच स्फटिकांचा, नमुन्याची नळी गार न करता काढलेला. उबेत आतले हायड्रोजन बाहेर, बाहेरचे आत, नुसती पळापळ. गारठ्यात जागेवर बसतात. यंत्र गार व्हायला तास लागतो, म्हणून चहा पिऊन आले." मग तिने सहज विचारलं, "तुम्हाला असा आलेख कधी आला होता का हो?"

सर तात्यांकडे बघू लागले.

"छे," तात्या म्हणाले. "असला कधीच नाही."

जागेवर येऊन त्यांनी खालचा खण थोडासा ओढला. आत अकरा कागद होते. प्रत्येकावर दोन पसरट फुगवटे, आणि खाली लाल शाईत त्यांचंच अक्षर: डांबर. फेकून दिलं.